शे का नही

"पोरांसमोर एकदाही पळायचं नाही," असं पुनमताईंनी स्नेहलला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

बालवाडीच्या दारात चपला काढायच्या आधीच त्यांनी हे सांगितलं. "पाल पडू दे, वरण सांडू दे, कोणी कोणाला चावू दे. आपण चालत जायचं. एकदा पळालात ना, की त्यांना ते आवडतं. आणि त्यांना एकदा आवडलं, की मग तुम्ही आहात आणि पळणं आहे."

स्नेहलने मान डोलावली आणि तो इशारा चपलांबरोबर बाहेरच ठेवला. पुनमताई अंगाने भारदस्त होत्या, तेव्हा पळण्याबद्दल त्यांचं मत असंच असणार, असं तिला वाटलं. शिवाय तिने जळगावच्या कॉलेजात होम सायन्स केलं होतं. मानवविकास या विषयात तिचा वर्गात पहिला नंबर होता. 'डोळ्यांआड गेलेली वस्तू जगातून गेलेली नसते, हे बाळाला कसे व केव्हा उमगते' या प्रश्नावर तिने पुरवणी जोडून उत्तर लिहिलं होतं. तिला पळण्या-चालण्याबद्दल काय सांगायचं?

बालवाडी सोनगीरला, जिनिंगच्या भिंतीला लागून असलेल्या पत्र्याच्या हॉलमध्ये भरायची. वारा सुटला की भिंतीपलीकडून कापसाचे तंतू उडत यायचे आणि पोरांच्या केसांवर, पाट्यांवर, स्वयंपाकीण बेबाबाईंच्या खिचडीच्या पातेल्यावर बसायचे. निम्मी पोरं गावातली, निम्मी जिनिंगवर कामाला आलेल्या मजुरांची. पुढे मोठं अंगण. अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, कडुलिंबाच्या मागे संडास. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे ते बरंच तुडवायचं आहे.

स्नेहल धुळ्याच्या देवपुरातून रोज एस.टी.ने यायची, प्रशीलला मांडीवर घेऊन. बालशिक्षणाच्या कोर्सचं प्रात्यक्षिक करायचं होतं, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण मांडीवर होतं. प्रशील तिसऱ्या वर्षाच्या काठाला आला होता आणि बोलत नव्हता. 'आई' म्हणायचा, 'दे' म्हणायचा, आणि तिसरं एक, ज्याची ही गोष्ट आहे. शेजारची त्याच्यापेक्षा लहान पोर गच्चीवरून कविता म्हणून दाखवायची, तेव्हा स्नेहल वाळत घातलेले कपडे ओलेच काढून आत यायची. डॉक्टर म्हणाले होते, होळीनंतर नाशिकला नेऊन कानाची, बोलण्याची तपासणी करून घेऊ. त्याआधी इतरांची बोलणारी पोरं कशी बोलतात, कुठून सुरुवात करतात, हे तिला जवळून बघायचं होतं.

घरी तिने उपाय सुरू केलेच होते. लेकरासमोर एकच भाषा, आणि तीही शुद्ध, असा तिने कायदा केला होता. तिच्या जळगावच्या माहेरी वडील शिक्षक, घरात सगळं पुस्तकी. नवरा संघपाल मात्र शिंदखेड्याचा, तोंडात अहिराणी भरलेली. वीज कंपनीत दिवसभर 'काय व्हयनं भो, डीपी जळनी का' करून तो घरी यायचा आणि बोलण्याआधी क्षणभर थांबायचा, जसं कोणी उंबऱ्यात चपला काढायला थांबतं. मग म्हणायचा, "चहा आहे का?"

सासूबाई, द्रौपदाबाई, शिंदखेड्यालाच असायच्या. त्यांनाही स्नेहलने फोनवर नम्रपणे सांगितलं होतं, की आई, बाळाशी बोलताना जरा आपलं 'आहे, नाही' असं बोलाल का. त्या "बरं माय" म्हणाल्या होत्या. त्यांचं "बरं माय" म्हणजे काय, हे स्नेहलला चार वर्षांत कळायला हवं होतं.

तर ते तिसरं. प्रशील अधूनमधून "शे" म्हणायचा. कधी पलंगाखाली बघून, कधी कपाटाच्या दाराशी. तेव्हा त्याची लंगोट सोडवायची मोहीम जोरात चालू होती. शी लागली की सांगायचं, हे स्नेहल त्याला दिवसभर शिकवत होती. त्यामुळे त्याने "शे" म्हटलं रे म्हटलं की तिला "शी" ऐकू यायचं. ती हातातलं टाकायची, त्याला काखोटीला मारायची आणि संडास गाठायची. तिथे काहीच व्हायचं नाही. प्रशील नळ बघायचा, बादली बघायचा, आणि परत यायचा. तिला आता त्याच्या पोटाचीही काळजी लागली होती.

बालवाडीतल्या पहिल्याच आठवड्यात पुनमताईंनी पोरांना गोल बसवलं आणि हातात चिंचोका घेतला. दोन्ही हात पाठीमागे, मग दोन्ही मुठी पुढे. एका मुठीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "शे का नही?"

काही पोरं म्हणाली "शे", काही "नही". मूठ उघडली. चिंचोका होता.

"शे," प्रशील ओरडला.

स्नेहल कोपऱ्यात चित्रांची कार्डं लावत होती. कार्डं उडाली. तिने पोरांच्या डोक्यांवरून ढांग टाकली, प्रशीलला उचललं आणि धावत सुटली. नळावरून, बेबाबाईंच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवरून, दोन कोंबड्यांच्या मधून, थेट कडुलिंबाच्या मागे. ओढणी मागे पतंगाच्या शेपटीसारखी. पोरं दारात येऊन उभी राहिली. एवढं चांगलं काही त्यांनी बालवाडीत आजवर पाहिलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा सगळी पोरं शहाण्यासारखी गोल बसली होती. ममता तर फारच शहाण्यासारखी.

ममता पाचाला टेकलेली. आईबाप सातपुड्याच्या पायथ्याचे, चोपड्याच्या वरच्या अंगाच्या कुठल्याशा पाड्यातले. पाऊस सरला की जिनिंगवर यायचे आणि कापूस संपला की परतायचे. तिच्या वेणीला लाल रिबीन असायची, एकच, कारण दुसरी तिने शेळीला बांधली होती. घरात ती डोंगरातली बोली बोलायची, गल्लीत अहिराणी, आणि स्नेहलशी तर चक्क पुस्तकातलं मराठी. कोणाला काय वाढायचं हे त्या पोरीला बरोबर कळायचं.

ती उठून स्नेहलजवळ आली, करंगळी वर केली, आणि चेहरा ओढून म्हणाली, "ताई, शे."

"शी? लागली?"

ममताने गंभीरपणे मान हलवली.

अंगणात सोडून कसं चालेल? स्नेहलने तिला उचललं. ममता दिसायला काडी होती, पण काखेत घेतल्यावर कळलं, की बेबाबाईंची खिचडी अंगी लागते. पुन्हा नळ, मिरच्या, कोंबड्या. कडुलिंबामागे पोचल्यावर ममता खाली उतरली, संडासाच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "नही." मग दोन्ही हात वर केले. जाताना उचलून नेलंत, तर येताना चालत यायचं का?

दुसऱ्या दिवशी गणेशला शे लागली. मग जुळ्या बहिणींना एकदम. मग ज्याला अजून नीट चालताही येत नव्हतं तो बाळ्या, त्याला तर सारखीच. पोरं रांग लावून उभी राहायची आणि रांगेत भांडायची नाहीत, हे पाहून पुनमताईंना मोठं समाधान वाटायचं. स्नेहल एकेकाला पोचवायची, काही व्हायचं नाही, परत आणायची. संध्याकाळी घरी तिला ताटलीसुद्धा उचलवत नव्हती.

पण ती शिकलेली बाई. तिने विचार केला. एवढ्या मुलांना शीची भावना होते आणि होत काही नाही, म्हणजे पोटात कळ येत असणार. कळ कशाने येते? अन्नाने. ती बेबाबाईंकडे गेली.

"बेबाबाई, खिचडीत हरभऱ्याची डाळ घालता का?"

"का बरं?"

"नाही, मुलांना सारखी शी लागतेय. म्हटलं, पचत नसेल."

बेबाबाईंनी डाव पातेल्यात उभा केला. "मनी खिचडी खाईसन कोनले काय व्हयनं? नाव सांगा."

"आता... ममता आहे, गणेश आहे..."

"ममता? ती पोर दोन दाव मांगीसन खास. ताटली चाटीसन देस."

"तसं नाही हो, तुमच्या हाताला नाव नाही ठेवत मी."

"मंग कोना हातले ठेवतस?"

दुसऱ्या दिवशी पंगतीत प्रत्येकाच्या ताटलीत पांढरीफटक पेज आली. मीठ नाही, हळद नाही, वर तेलाचा थेंब नाही.

"हाई काय शे?" गणेशने विचारलं.

"बठ्ठा आजारी शेतस ना? बठ्ठासले पेज," बेबाबाई म्हणाल्या, आणि स्नेहलच्या पुढ्यातही एक ताटली ठेवली. "तुमी बी दमी जातस, ताई. प्या."

पोरांनी भोकाड पसरलं. ममता मात्र पेजेकडे आणि स्नेहलकडे आळीपाळीने बघत राहिली. आपल्या खेळात कुठेतरी चूक झाली, हे तिला कळलं होतं. तेवढ्यापुरती त्या दुपारी कोणाला शे लागली नाही.

उलगडा झाला तो एस.टी.त.

त्याच दुपारी सोनगीरहून धुळ्याची गाडी सुटली. प्रशील खिडकीशी होता. किल्ल्याचा डोंगर एका ढाब्याच्या बोर्डामागे गेला, मग बाभळीमागे गेला, मग पुन्हा दिसायला लागला.

"शे," प्रशील म्हणाला.

स्नेहल उभी राहिली. "कंडक्टर भाऊ, गाडी थांबवा. बाळाला शी लागलीय."

"ताई, आत्ते तं बसनात."

"थांबवा हो. दम निघणार नाही त्याला."

एका म्हाताऱ्याने "लेकरू शे, थांबाडा ना भो" म्हटलं म्हणून गाडी थांबली. स्नेहल हायवेच्या कडेला उतरली, चड्डी सोडली, प्रशीलला बसवलं. गाडीतल्या सगळ्या खिडक्यांतून तोंडं बाहेर आली. प्रशील आरामात बसला होता. समोर एक कांद्याचा ट्रक पंक्चर काढून निघायच्या बेतात उभा होता. तो हलला, सरकला, पुढे गेला. मागे किल्ला.

प्रशीलने बोट केलं. "शे." मग मान वळवून आईकडे बघितलं, की तू बघितलास का.

ते बघणं स्नेहलने पुस्तकात वाचलं होतं. मूल वस्तूकडे बोट करतं आणि मग आपल्याकडे बघतं. त्याला वस्तू नको असते, सोबत हवी असते. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, खाली रेघ मारून.

तिने ओढणी पसरली आणि त्याच्या डोळ्यांपुढे आडवी धरली. किल्ला गेला. प्रशील थांबला, हसू दाबून. तिने ओढणी काढली.

"शे," प्रशील म्हणाला. उघड्या ढुंगणाने, अगदी ठासून.

ती मटकन मातीत बसली. इतके दिवस हा मला सांगत होता. पलंगाखाली चेंडू शे. कपाटात बाबाचा शर्ट शे. मुठीत चिंचोका शे. आणि मी याला उचलून नेऊन बसवत होते.

कंडक्टरने दारातून विचारलं, "व्हयनं का, ताई?"

"नाही," स्नेहल म्हणाली. "बोलला."

"काय?"

"बोलला तो."

"मंग आते गाडीमा बसीसन बोला," कंडक्टर म्हणाला आणि घंटी मारली.

उरला प्रश्न, की हे आलं कुठून. घरात तर अहिराणी 'शे'ला बंदी होती, 'आहे'च म्हणायचं. त्या संध्याकाळी स्नेहलने काहीच विचारलं नाही. कुकर लावला, नळ थोडा सोडून ठेवला, म्हणजे ती भांडी घासतेय असं वाटावं, आणि स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिली.

संघपालने आत कानोसा घेतला आणि मोबाइल लावला. "जयभीम आई. चाल, लवकर. भांडी घासस ती."

पडद्यावर द्रौपदाबाईंचा चेहरा आला आणि लगेच पदराआड गेला. पदरातून आवाज आला, "आजी शे का नही?"

प्रशील श्वास रोखून पदराकडे बघत राहिला.

पदर खाली आला. "शे," आजी म्हणाली.

"शे," नातू म्हणाला, आणि हसून पलंगावर आडवा झाला.

"अहो," स्नेहल दारातून म्हणाली.

संघपाल उडाला. "आहे," तो म्हणाला. "आई आहे म्हणत होती. आजी आहे का नाही, असंच. अगदी शुद्ध."

फोनमध्ये द्रौपदाबाईंनी सुनेचा चेहरा पाहिला आणि पदर पुन्हा तोंडावर घेतला. आतून आवाज आला, "आजी नही."

"आई, पदर काढा."

"नही ना माय. आजी बाजारमा गयी."

प्रशीलला मात्र आजी कुठे आहे ते पक्कं ठाऊक होतं. त्याने पडद्यावर बोट आपटलं. "शे, शे, शे."

स्नेहलने बसून घेतलं आणि सगळं सांगितलं. चिंचोका, रांग, पेज, हायवे. "तो मला 'शे' म्हणत होता आणि मी त्याला संडासात नेत होते," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. संघपालने चेहरा सरळ ठेवायचा फार प्रयत्न केला. फोनमधला पदर गदागदा हलायला लागला, तेव्हा त्याचाही धीर सुटला. मग स्नेहलचाही.

दुसऱ्या दिवशी तिने पुनमताईंना कबुली दिली. पुनमताई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"म्हणजे तो खेळ नव्हता? मला वाटलं, तुमच्या कोर्सात आहे तसं. मी तुमच्या मॅडमना फोनवर सांगितलंसुद्धा, की तुमची बाई मैदानी खेळ फार जीव तोडून घेते."

"आता नाही पळणार," स्नेहल म्हणाली.

"बघा जमतंय का," पुनमताई म्हणाल्या. त्यांना पहिल्या दिवशीचं आठवत होतं, पण त्यांनी ते काढलं नाही.

जमलं नाही. गणेश आला, "ताई, शे" म्हणाला. स्नेहल म्हणाली, "काय आहे? कुठे आहे?" आणि त्याला हात धरून चालवत नेऊ लागली. पोरांनी असा काही गलका केला, की जिनिंगचा वॉचमन भिंतीवरून डोकावला. चालत? हे काय?

वाट काढली ती ममताने. ताई पळणार नसेल तर ताई आपणच व्हायचं. तिने स्नेहलची ओढणी ओढून घेतली, गळ्यात टाकली आणि गिऱ्हाईक शोधलं. सगळ्यांत हलकं गिऱ्हाईक प्रशील होतं.

स्नेहल खिडकीतून बघत होती. आधी ती धावणारच होती, की पोर पडेल, ममता पडेल, दोघं पडतील. पण पुनमताईंनी तिचा दंड धरला.

"बाळा," ममता म्हणाली, आणि आवाज थेट स्नेहलचा, काळजीने कातर झालेला, "बाळा, तुला शी लागली आहे का?"

"शे," प्रशील म्हणाला.

ममताने त्याला कमरेवर घेतलं आणि पळाली. अर्ध्या अंगणात दोघं कोसळली, उठली, पुढे पळाली. कडुलिंबापाशी तिने त्याला उतरवलं. "झाली का बाळा?"

"नही."

खिडकीत स्नेहलने पुनमताईंचा हात घट्ट धरला. 'नही' नवं होतं. नुसतं नवं नाही, ते उत्तर होतं. कोणीतरी विचारलं आणि त्याने उत्तर दिलं.

"मग कुठे आहे शी?" ममताने विचारलं. कमरेवर हात.

प्रशीलने इकडेतिकडे पाहिलं. कोंबडी दिसली. "तठे," तो म्हणाला.

बेबाबाईंनी त्या दिवशी खिचडीत मुद्दाम शेंगदाणे घातले. पेजेचं प्रकरण मिटलं, असं त्यांनी तोंडाने सांगितलं नाही.

मग रोजच चालू झालं. ममता ताई, प्रशील बाळ. कधी उलटं, मग प्रशील ममताची रिबीन धरून तिला ओढत न्यायचा आणि विचारायचा, "शी?" त्याच्या तोंडात शब्द यायला लागले, दोन बोलींचे मिसळून. पाणी, तठे, कोंबडी, पय म्हणजे पळ, आहे, बठ्ठा. कोणता शुद्ध आणि कोणता नाही, हे स्नेहल मोजत बसली नाही. रात्री संघपाल 'चहा शे का' म्हणाला, तरी तिने नुसता कप पुढे केला.

एका दुपारी घरी जायच्या घाईत ममता तिच्यापुढे आली. ओढणी परत दिली, करंगळी वर केली.

"ताई, शे."

"आता तुला कळतं ना गं सगळं?"

"कळतं." मग हात वर केले. "एक दाव."

प्रशील खांद्यावर झोपला होता, गाडीची वेळ झाली होती. "उद्या," स्नेहल म्हणाली. "उद्या नक्की. जाताना पण, येताना पण."

दुसऱ्या दिवशी बालवाडीत शिरताना तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. भिंतीपलीकडची घरघर थांबली होती. हवेत कापूस नव्हता.

"गयात बठ्ठा," बेबाबाई म्हणाल्या. "कापूस सरना. पहाटमा टेम्पो लागना व्हता. चोपडाकडे."

"ममतापण?"

"मायबाप गयात तं ती काय आठे राही?"

निम्मा हॉल रिकामा होता. प्रशील आधी दारात उभा राहिला. मग कामाला लागला. खेळण्यांच्या टोपलीत पाहिलं. पाट्यांच्या कपाटामागे पाहिलं. बेबाबाईंच्या तांदळाच्या पोत्यामागे गेला, तिथून अंगणात, तिथून कडुलिंबामागे, आणि संडासाचं दार ढकलून आत बघितलं. मग चालत परत आला, स्नेहलच्या पुढ्यात उभा राहिला, आणि विचारलं,

"ममता शे का नही?"

पुनमताईंच्या हातातला चिंचोका तसाच राहिला. पूर्ण वाक्य. प्रश्न. या दिवसाची स्नेहलने किती वाट पाहिली होती, संघपालला फोन कसा करायचा, पहिलं काय सांगायचं, सगळं ठरलेलं होतं. आणि आता ते वाक्य तिच्या पुढ्यात उभं होतं, वर तोंड करून, उत्तराची वाट बघत.

"सांगा ना त्याले," बेबाबाई हळूच म्हणाल्या.

'आहे' म्हणावं तर ती इथे नव्हती. 'नाही' म्हणवत नव्हतं.

"शे," स्नेहल म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द तशा अर्थाने पहिल्यांदाच निघाला. "ममता शे. चोपडाकडे शे."

प्रशीलने थोडा विचार केला आणि दोन्ही हात वर केले. ती त्याला उचलून पळाली. नळावरून, मिरच्यांवरून, कडुलिंबापर्यंत, आणि परत.

नाशिकची तारीख तिने रद्द केली नाही. ती तशी बाई नव्हे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घंटी वाजवून पाहिली, कानाला यंत्र लावलं, रंगीत ठोकळे मांडले. कान उत्तम आहेत म्हणाल्या, बोलणं उशिरा निघालंय पण निघालंय, मुलांमध्ये राहू द्या. तेवढ्यात प्रशील त्यांच्या टेबलाखाली शिरला आणि तिथून आवाज आला, "ममता शे का नही?"

"ममता कोण? मोठी बहीण?"

"नाही," स्नेहल म्हणाली. "त्याची शिक्षिका."

"अरे वा. छान काम केलंय त्यांनी. पुढच्या वेळी त्यांना घेऊन या."

स्नेहल हो म्हणाली. आणि तिथेच सगळं अडलंय. पुनमताईंकडे जो नंबर होता, तो लागत नाही. बालवाडीत गावाचं नाव विचारलं होतं तेव्हा ममताने सांगितलं होतं, "डोंगर." आणि ते कोणी पुन्हा विचारलं नाही.

प्रशील अजून रोज विचारतो. डोळ्यांआड गेलेलं जगातून गेलेलं नसतं, हे त्याला आता पक्कं समजलंय. प्रश्न स्नेहलचा आहे. ती पोर बरी असेल ना, तिला कोणी शाळेत घातलं असेल ना, की पुढच्या मोसमात कापसाच्या ढिगावर तिलाही कामाला धरतील, हे सगळं ती भांडी घासता घासता घोळवते, आणि नळ खरंच चालू असतो.

म्हणून तिचं तुमच्यापाशी एक मागणं आहे. कधी चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणं झालं, तर तिथल्या अंगणवाडीत, शाळेच्या ओट्यावर जरा डोकावून बघा. एका शेळीला लाल रिबीन दिसली तर पोर जवळपासच असेल. मोठ्याने विचारा, "ममता शे का नही?" एखाद्या भिंतीमागून "शे" असं आलं, तर तिला उचला आणि पळा, दूरच्या एखाद्या झाडापर्यंत. येतानाही उचलूनच आणा. सोनगीरच्या ताईंचं एक उद्या राहिलं होतं म्हणून सांगा. आणि ती कशी आहे, ते कळवा.